आधी कान, मग नाव

खाडेसाहेबांच्या घरात एकाही रेकॉर्डवर नाव दिसत नसे. जून महिन्यात शाळेच्या पुस्तकांना घालतात तसली खाकी कव्हरं त्यांनी प्रत्येक रेकॉर्डला घातली होती, कोपरे नीट दुमडून, चिकटपट्टी लावून. वादकाचा फोटो नाही, नाव नाही, साल नाही. नुसते खाकी चौकोन, लोखंडी मांडणीत ओळीने उभे. मी एका दवाखान्याचं औषधांचं स्टोअर सांभाळते. आमच्याकडे लेबल नसलेली बाटली म्हणजे धोका. त्यामुळे ती मांडणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला.

पहिल्यांदा गेले ती भांडायला गेले होते. राजारामपुरीतल्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आमच्या डोक्यावर खाडेसाहेबांचा फ्लॅट. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि रविवारी सकाळी वरून कुणीतरी सॅक्सोफोन नावाचं वाद्य फुंकत होतं. तेव्हा मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. म्हैस अडलीय की काय असं वाटलं. काय काय बोलायचं याचे मुद्दे मनात लावत मी जिना चढले. दार उघडंच होतं. आत तीन पुरुष डोळे मिटून बसले होते आणि चौथे, उंच, वाळकेसे, पांढऱ्या मिशीचे, त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला खुर्ची दाखवली. तक्रार करायला गेलेली मी कधी बसत नाही. त्या दिवशी का बसले ते आजही सांगता येणार नाही.

वाजायचं थांबलं. तिघांनी आपापलं मत सांगितलं. मग खाडेसाहेब माझ्याकडे वळले.

"बोला ताई. कसं वाटलं?"

"मी खाली राहते. मी तक्रार करायला आलेय."

"व्हय, ती आयकतो की. पण आधी ह्ये कसं वाटलं ते सांगा."

"वाजवणाऱ्याला थांबायचं कुठं ते कळत नाही," मी रागाने म्हटलं.

तिघांतले एक जाडजूड गृहस्थ मांडीवर थाप मारून हसले. "साहेब, ह्यास्नी फुडल्या रविवारी बोलवा. ह्या आमच्यापेक्षा खरं बोलत्यात."

मुलीची परीक्षा संपेपर्यंत वरून आवाज आला नाही. बैठक बंद ठेवली असेल असं मला वाटलं होतं. नंतर कळलं, ते चौघे गुडघ्याला गुडघा लावून स्पीकरच्या पुढ्यात बसत आणि आवाज इतका बारीक ठेवत की स्वयंपाकघरातली भांडी त्याच्यापेक्षा मोठ्याने वाजत. परीक्षा संपल्यावर मी आभार मानायला वर गेले, आणि पुढे जातच राहिले.

आमच्या कोल्हापुरात जॅझ ऐकणारी माणसं म्हटलं की लोक आधी हसतात. तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्तीच्या गावात हे कुठून आलं, असं विचारतात. आम्ही होतो पाचच. उद्यमनगरात फाउंड्री असलेले माने, इतिहास शिकवून निवृत्त झालेले कांबळे सर, हुपरीहून एसटीने येणारे पोतदार, ज्यांच्या घरी पैंजण बनतात, खाडेसाहेब आणि मी. नियम एकच होता. तो खाडेसाहेबांचा: "आधी कान, मग नाव." रेकॉर्ड लावायची, मध्ये कुणी बोलायचं नाही, संपल्यावर प्रत्येकाने किमान एक वाक्य बोलायचं, आणि त्यानंतरच ते खाकी कव्हर सोलून नाव दाखवणार. 'बरं आहे' म्हणायला सक्त मनाई. "'बरं हाय' ह्ये दुखण्याला म्हणायचं," ते म्हणत, "गाण्याला न्हाई."

रेकॉर्ड प्रत्येकाने आणायची असे. पोतदारांना व्यापाराच्या निमित्ताने गावोगाव जुन्या बाजारातून काय काय मिळे. माने फोनवरून लावत. त्यालाही खाडेसाहेबांची ना नव्हती, फक्त फोनवर रुमाल टाकायचा. आमचा व्हॉट्सॅपचा ग्रुपही होता. तो अर्थातच मी चालवत होते, कुणाची पाळी, कुणी भडंग आणायचं, सगळं. तिथेही रविवारच्या आधी नाव टाकलं तर ग्रुपमधून काढायचं असा माझा कायदा होता. नियम खाडेसाहेबांचा, अंमलबजावणी माझी. आमचं जमायचं ते त्यामुळे.

या नियमाची गंमत अशी की सगळ्यांची कधी ना कधी फजिती होई. एकदा एक ट्रम्पेट ऐकून कांबळे सर म्हणाले, "शिकाऊ दिसतो. हवा पुरत नाही याची." कव्हर निघालं तर जगातल्या पहिल्या दोन-चारांतला माणूस. सर कानापर्यंत लाल झाले. खाडेसाहेब म्हणाले, "लाजताय कशाला सर? त्यो बी कवातरी शिकाऊच हुता. तुमी त्या दिवसाचं आयकलंत." आणि खरंच ती त्या वादकाची अगदी सुरुवातीची रेकॉर्ड निघाली. मी इथे त्या मोठ्या माणसांची नावं लिहीत नाही याचं कारणही हेच. खाडेसाहेबांच्या घरची सवय मला लागली आहे.

ऐकण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. पोतदार घुंगरं जुळवणारे; त्यांचं सगळं लक्ष ढोलकऱ्याकडे. आमच्यात ड्रम वाजवणाऱ्याला ढोलकरीच म्हणत. कांबळे सरांना त्या वादनामागची माणसं दिसत, अमेरिकेतली गुलामी दिसे, कापसाची शेतं दिसत; ते कधी कधी डोळे पुसत आणि "धूळ आहे तुमच्याकडे" म्हणत. मान्यांची रीत फाउंड्रीतली. ओतून आलेल्या लोखंडावर हातोडी मारून ते आवाज ऐकतात. आत कुठे तडा असेल तर आवाज बद्द येतो. वादकही ते तसाच तपासत. "वरनं गुळगुळीत हाय, आत तडा हाय," असं ते एखाद्या नामांकिताबद्दलही बेधडक म्हणत. त्यांचं म्हणणं खाडेसाहेब सगळ्यात शेवटी विचारत, आणि विचारताना त्यांचा आवाज थोडा बदलत असे. ते माझ्या ध्यानात आलं होतं, कारण कळलं नव्हतं.

एक कॅसेट मात्र या सगळ्या शिस्तीत बसत नव्हती. वर्षातून एखाद्या वेळी, इतर दोन रेकॉर्डच्या मध्ये, खाडेसाहेब ती हळूच लावत. एरवी ते खुर्चीत डोळे मिटून बसत. ही लावली की यंत्राजवळ उभे राहत, बोट बटणावर ठेवून. छोटासा वाद्यवृंद, पियानो, ढोलकरी, आणि पुढे एक सॅक्सोफोन. आवाज खोलीच्या लांबच्या कोपऱ्यातून आल्यासारखा. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येई. प्रत्येक ओळीआधी तो दचकल्यासारखा हवा ओढी. शेवटचा सूर संपला रे संपला की खाडेसाहेब बटण दाबत. इतक्या लगबगीने, की जणू पुढे काही सांडणार होतं. मत सगळ्यांचं घेत. नाव मात्र सांगत नसत. "ह्याचं नाव फुडल्या खेपंला," म्हणत आणि दुसरी रेकॉर्ड लावत.

"साहेब, ह्ये तुमी आधी बी आयकवलंय," माने एकदा म्हणाले.

"व्हय. परत सांगा."

"हॉटेलातलं हाय. लोकं जेवताना वाजवत्यात तसलं."

"हात तयार आहे," कांबळे सर म्हणाले, "पण स्वतःचं काही सांगायचंय असं दिसत नाही."

पोतदार म्हणाले, ताल पक्का आहे. मी म्हटलं, मला आवडलं पण का ते सांगता येत नाही. खाडेसाहेबांनी मान हलवली आणि पुढची रेकॉर्ड काढली.

त्या दिवशी मी चष्मा विसरून खाली आले. परत वर गेले तर बाकीचे गेले होते, इंदूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरात होत्या आणि खाडेसाहेब त्या यंत्राजवळ तसेच उभे होते. मला बघून त्यांनी विचारलं, "ताई, खरं सांगा. हॉटेलातलंच वाटतंय?"

बैठक उठली की ते कुणाला मत पुन्हा कधी विचारत नसत. मी चष्मा घेऊन बसले. "कोण आहे हा, साहेब?"

"सुभाष. माझा धाकटा भाऊ."

मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमाने सांगते, कारण माझ्या क्रमाने सांगितलं तर त्यात साहेबांचा दोष जास्त दिसेल.

राधानगरीकडचं त्यांचं गाव. भात, ऊस, चार म्हशी. खाडेसाहेब शिकून पाटबंधारे खात्यात लागले. सुभाषला शाळा जमली नाही. तो कोल्हापुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला लागला. खाड्यांचं पोरगं लोकांच्या वरातीत वाजवतंय, हे गावात कळल्यावर वडील महिनाभर चावडीवर गेले नाहीत. मग सुभाष मुंबईला गेला. एका हॉटेलात वाद्यवृंद होता, त्याचा प्रमुख गोव्याकडचा, वयस्कर. त्याने सुभाषला नोटेशन वाचायला शिकवलं आणि हातात सॅक्सोफोन दिला.

"वडील म्हणाले, त्याला घिऊन ये, न्हाईतर तू बी येऊ नकोस. मी गेलो. हॉटेलाच्या मागच्या दारानं, भटारखान्यातनं आत. दुपारची येळ. टेबलांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या. ही चार-पाच माणसं सराव करत हुती. त्या म्हाताऱ्याकडं टेपरेकॉर्डर हुता, पोरांना आपल्या चुका आयकवायला. सुभाषनं मला बघितलं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं एक-दोन-तीन केलं आणि सुरू झालं."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दारात हुबा ऱ्हायलो. हाताची घडी घालून." त्यांनी तशी घडी घालून दाखवली. "आयकलं बी न्हाई हो ताई मी. सांच्याची गाडी चुकंल का काय, ह्येच डोक्यात."

सुभाष त्यांच्याबरोबर परत आला. गावात डेअरीत दूध मोजायला बसला. पुढे एका पावसाळ्यात काविळीने गेला. तोवर त्याने पुन्हा वाद्य हातात धरलं नाही, कधी चकार शब्द काढला नाही, भावाशी भांडलाही नाही. तो गेल्यावर कधीतरी मुंबईहून त्या म्हाताऱ्याने एक खोकं पाठवलं. सुभाषच्या राहिलेल्या रेकॉर्डी, आणि त्या दुपारची टेप.

"तवा मी राधानगरीला धरणावर हुतो. क्वार्टरात एकटा. कुणाकडनं तरी प्लेअर मागून आणला आणि एकेक रेकॉर्ड लावली. मला बघायचं हुतं, मी त्याला कशातनं काढून आणला. पैल्यांदा वाटलं, ह्यासाठी? ह्या गोंधळासाठी घर सोडलं ह्यानं? जरा बरंच वाटलं मला. मग पाऊस काय थांबंना, दुसरं काय करायला न्हवतं, म्हणून परत लावली. परत लावली. आणि एके दिवशी मला ते कळायला लागलं की ओ ताई. तवापासनं ही पीडा लागली."

ते त्याला पीडाच म्हणाले. आम्ही ज्याला छंद समजत होतो, रविवारची मजा समजत होतो, ते सगळं तिथून आलं होतं. खाकी कव्हरंही. आम्ही नावाला भुलू नये म्हणून ते इतके जपत होते. पण ज्याला खरोखर निनावी ऐकलं जायला हवं होतं तो एकच होता. मोठमोठ्या वादकांच्या रांगेत ते आपल्या भावाला मधूनच उभा करत होते आणि आमच्या तोंडाकडे बघत होते.

"पण तुम्हीही इतकी वर्षं ऐकताय. तुम्हाला काय वाटतं?"

"मला त्याच्या बाबतीत कानच न्हाईत. म्हणून तर तुमाला विचारतोय." ते खुर्चीत बसले. "बघा ताई, तुमी लोकं वाईट म्हणला तर माझा भाऊ मरतो. चांगलं म्हणला तर मी. आज माने हॉटेलातलं म्हणाले. मला बरं वाटलं. बरं वाटलं ह्येची लाज वाटाय लागली, म्हणून तुमाला विचारलं."

मी कामाची बाई आहे. अडचण दिसली की उपाय काढते. जिना उतरता उतरता माझं ठरलंही होतं: मान्यांना आणि सरांना फोन करायचा, पुढच्या वेळी दोन चांगले शब्द बोला म्हणायचं. मी पाच पायऱ्याही उतरले नसेन, वरून आवाज आला.

"ताई, कुणाला फोन करायचा न्हाई हं. शिकवून आणलेला साक्षीदार मला नको."

त्यानंतर ती कॅसेट लागली की मला बसवत नसे. मी "मी आज पास" म्हणायची आणि माने "बाईंची बॅटरी उतरली" म्हणून चिडवायचे. बाकी सगळं नेहमीसारखं. हसणं, भडंग, कव्हर सोलणं. पण आता मला त्या खोलीत सहावा माणूस असल्यासारखं वाटे. दुसरी कुठलीही रेकॉर्ड लागली तरी तो असे. कुणी एखाद्या सॅक्सोफोनला "वा!" म्हटलं की मी खाडेसाहेबांकडे बघायची, आणि ते मांडणीच्या त्या टोकाकडे बघत असत जिथे कॅसेट ठेवलेली असे. एकदा मी विचारलं, शेवटी बटण इतकं घाईने का दाबता. ते म्हणाले, "फुडं त्यो बोलतो. ते मी एकदाच आयकलंय."

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिने बंद केले, मीठ बंद केलं, रविवारही बंद करायला सांगितला, ते मात्र त्यांनी ऐकलं नाही. अशाच एका रविवारी त्यांनी मध्येच उठून ती कॅसेट लावली. उभं राहताना मांडणीचा आधार घेतला. वाजलं, संपलं, बटण दाबलं.

पोतदार म्हणाले ताल पक्का. कांबळे सर म्हणाले, "मागे मी म्हणालो होतो की याला काही सांगायचं नाही. आज तसं वाटत नाही, पण काय सांगतोय ते कळलं नाही." मी पास म्हटलं. मग खाडेसाहेब मान्यांकडे वळले.

मान्यांनी यंत्राकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेब, ह्यो माणूस भिऊन वाजवालाय."

"कुणाला?"

"ते मला काय म्हाईत? पण कोण तर दारात हुबा हाय. ह्याची नजर दारावर हाय. श्वास बघा की त्याचा. आमच्या कारखान्यात मालक मागं येऊन हुबा ऱ्हायला की कामगाराचा हात असाच चालतो. चुकत न्हाई, पण हात आखडतो."

मला वाटलं, आता उठून मान्यांच्या तोंडावर हात ठेवावा. खाडेसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. काकूंनी आत सोडलेल्या नळाचा आवाज तेवढा येत होता.

"भिऊन वाजवलं म्हंजे वाईटच की," खाडेसाहेब म्हणाले.

"मी कुठं वाईट म्हटलं?" माने म्हणाले. "भ्यालाय, पण थांबंना. मी असतो तर पळून गेलो असतो. ह्यो शेवटपर्यंत गेला. आता साहेब, लई झालं. नाव सांगा ह्येचं."

"सुभाष खाडे," साहेब म्हणाले. "माझा भाऊ. आणि दारात मी हुतो."

 माने उठले, बसले, पुन्हा उठले. "साहेब, माझं काय आयकू नका. मी लोखंडातला माणूस. मला कशातलं काय कळतंय…"

"शब्द मागं घ्यायचा न्हाई, माने. आयुष्यभर ह्येच तर मागत हुतो."

आणि त्यांनी बटण पुन्हा दाबलं. टेप पुढे सरकली. थोडी खरखर. एक खुर्ची ओढल्याचा आवाज. वाद्याच्या पेटीची कडी लावल्याचा आवाज. मग लांबून, पण अगदी स्पष्ट, एका तरुण मुलाचा, आमच्याच बाजूचा आवाज आला: "चला, दादा."

एवढंच. त्यात राग नव्हता. रडणं नव्हतं. बाजारातून घरी निघताना म्हणावं तसं. पुढे टेप कोरी होती, आणि ती संपेपर्यंत आम्ही ती कोरी टेप ऐकत बसलो.

मला वाटलं होतं, यानंतर साहेब सुटतील. इतक्या वर्षांची गाठ सुटली, नाव सांगून झालं, मान्यांसारख्या माणसाने 'भ्यालाय, पण थांबंना' म्हटलं. माझ्या हिशेबाने प्रश्न मिटला होता. तसं झालं नाही. काही दिवसांनी ते दवाखान्यात आले, मी काम करते त्याच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसायची. काकू घरी अंघोळीला गेलेल्या असत.

"माने बरोबर बोलले," ते एकदा म्हणाले. "पण मी चुकीचंच विचारत हुतो हो इतकी वर्षं. त्यो चांगला हुता का, ह्येच धरून बसलो. मी दारात नसतो तर त्यानं कसं वाजवलं असतं, ह्ये माझ्या डोक्यातच आलं न्हाई."

मी म्हटलं, "साहेब, त्याला आता काही इलाज नाही."

"न्हाईच. ती रेकॉर्ड कुणाकडंच न्हाई. पोतदारास्नी बी कुठल्या बाजारात मिळायची न्हाई." ते हसले. मग म्हणाले, "मी पडल्या पडल्या ती आयकायला बघतोय, ताई. डोळे मिटतो. तीच दुपार, टेबलांवर खुर्च्या, म्हातारा एक-दोन-तीन म्हणतो. पैले चार सूर येत्यात. लई मोकळे येत्यात. आणि फुडं मीच दारात येतो."

मी त्यांचा हात धरला.  रोज मी विचारायची, "आज कुठपर्यंत?" आणि ते बोटांनी दाखवत, एवढंसं. एके दिवशी मी गेले तर खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवली होती. आदल्या दिवशी मी घाईत होते, कुठपर्यंत ते विचारायचं राहून गेलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर बैठक भरवायची की नाही यावर आमच्यात बरीच कुजबूज झाली. शेवटी इंदूकाकूंचाच निरोप आला, रविवारी या. आम्ही गेलो. खाकी चौकोन जागच्या जागी होते. कोणती लावायची ते ठरेना. इतक्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्या बैठकीत कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या.

"सुभाषभावजींचं लावा," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्ही ऐकलंय?" कांबळे सरांनी विचारलं.

"न्हाई. ह्यांनी लावलं की मी आत नळ सोडायची. गावाकडं मी त्यास्नी दोन्ही येळला जेवाय वाढलंय. ताटावर बसले की बोटं अशी चालायची ताटाच्या काठावर. मी बघितलं की थांबायची." त्यांनी पदर सारखा केला. "आज आयकते. लावा."

मान्यांनी कॅसेट लावली. बटणाजवळ कुणी उभं राहिलं नाही. सुरू झालं. पियानो, ढोलकरी, आणि मग तो श्वास. काकूंचे हात मांडीवर होते. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळेच दाराकडे बघतोय. दार सताड उघडं होतं. बाहेर जिना, जिन्यावर ऊन, आणि कुणी नाही. त्याला न्यायला येणारं आता कुणी उरलंच नव्हतं. पण यंत्रातला तो मुलगा तसाच, जीव मुठीत धरून, वाजवत होता, आणि त्याला हे कळवायची काहीच सोय नव्हती.